सरावातला जोडीदार आणि युद्धकलेचा विचार : ज्युदोच्या निमित्ताने

नदीकाठ (धागाकर्ता)

युद्धकलांच्या तत्त्वज्ञानाविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते त्यात एकाग्रता, संयम, निर्भयता आणि अहंकाराचा त्याग हे शब्द हटकून येतात. मात्र रोजच्या सरावातल्या नेमक्या कोणत्या कृतीतून हे गुण अंगी उतरतात, याचा शोध क्वचितच घेतला जातो. पांढरा पोशाख घातला, वाकून नमस्कार केला आणि भिंतीवरची सुवचने वाचली म्हणजे मन घडते, असे मानण्याकडे आपला कल असतो. मी बरीच वर्षे ज्युदोचा सराव करतो आहे आणि त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की ज्युदोचा विचार सरावाच्या रचनेतच भरलेला आहे. त्या रचनेच्या मध्यभागी जोडीदार आहे. त्याने स्वतःचे शरीर काही मिनिटांसाठी आपल्या हवाली केलेले असते आणि ते धडधाकट अवस्थेत परत करणे हे आपले पहिले कर्तव्य असते.

थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांचा जन्म १८६० सालचा. अंगाने लहानखुरे असल्यामुळे शाळेत त्यांना दांडगट मुलांचा जाच सोसावा लागला आणि त्यातूनच जुजुत्सू ही पकडी आणि फेकींची जुनी जपानी युद्धकला शिकण्याची ओढ निर्माण झाली. तो काळ जपानच्या आधुनिकीकरणाचा, मेइजी राजवटीचा होता. १८७६ साली सामुराईंना उघडपणे तलवार बाळगण्यास बंदी झाली होती, जुन्या विद्या निरुपयोगी ठरत चालल्या होत्या आणि जुजुत्सूचे कित्येक जाणकार हाडे बसवण्याच्या व्यवसायावर पोट भरत होते. कानोंनी आपले पहिले गुरू अशा हाडवैद्यांकडे चौकशी करत करतच शोधले. तेन्जिन शिन्यो आणि कितो या दोन घराण्यांची विद्या घेतल्यानंतर १८८२ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी टोकियोतील एइशोजी मंदिरात कोदोकान या आपल्या ज्युदो-शाळेची स्थापना केली. सरावाची जागा होती बारा तातामींची (जपानी चटयांची), म्हणजे सुमारे वीस चौरस मीटर.

कानोंनी जुन्या विद्येतून काय बाजूला काढले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. मर्मावरचे आघात आणि सांधे निखळवणारे घातक प्रकार त्यांनी मुक्त सरावातून, म्हणजे रान्दोरीतून, काढले आणि ठराविक क्रमाने करायच्या कातांमध्ये जतन केले. वरवर पाहता विद्या सौम्य झाली, पण परिणाम उलटा झाला. घातक भाग वगळल्यामुळे उरलेले डाव पूर्ण ताकदीने आणि खऱ्या प्रतिकाराविरुद्ध रोज करता येऊ लागले. जो डाव जोडीदारावर कधीच पूर्ण करून पाहता येत नाही, तो आपल्याला येतो की नाही हे कळण्याचा मार्गच नसतो.

नवख्याला सर्वांत आधी शिकवले जाते ते पडणे. हनुवटी छातीकडे ओढायची, श्वास सोडायचा, हाताने गादीवर थाप मारायची आणि डोके काही झाले तरी टेकू द्यायचे नाही. दुसरीकडे टाकणाऱ्यासाठीही एक नियम आहे : पडणाऱ्याची धरलेली बाही शेवटपर्यंत सोडायची नाही. किंबहुना अखेरच्या क्षणी ती किंचित वर ओढायची, म्हणजे पडणाऱ्याचे डोके आणि खांदा सावरला जातो. ज्या हाताने पाडले त्याच हाताने सावरायचे, ही गोष्ट रोज इतक्या वेळा करावी लागते की तिच्याविषयी कोणी वेगळे प्रवचन द्यावे लागत नाही. गळा आवळल्यावर किंवा कोपर अडकवल्यावर समोरच्याने दोनदा थाप दिली की त्याच क्षणी सोडायचे, हाही तसाच नियम. थाप दिल्यावर आपला जोडीदार सोडेल, याची खात्री असेल तरच कोणी आपली मान दुसऱ्याच्या हातात देईल.

कानोंनी १९२२ साली आपल्या विचाराची दोन सूत्रे जाहीर केली. ‘सेइर्योकु झेन्यो’, म्हणजे शक्तीचा उत्तमात उत्तम उपयोग, आणि ‘जिता क्योएइ’, म्हणजे आपले व इतरांचे एकत्र कल्याण. पहिले सूत्र ते आकड्यांनी समजावत असत. समोरच्याचे बळ दहा आणि माझे सात असेल, आणि त्याच्या ढकलण्याला मी ढकलून विरोध केला, तर मी हरणार. पण तो ढकलत असताना मी त्याच दिशेने मागे सरलो तर त्याचा तोल जातो आणि तेवढ्या क्षणापुरते त्याचे बळ तीनवर येते. मग मला माझ्या सातातले निम्मेच पुरते. हे सूत्र सर्वजण आवडीने सांगतात. दुसरे सूत्र मात्र समारंभाच्या भाषणात टाकायचे वाक्य होऊन बसले आहे. माझ्या मते पहिले सूत्र दुसऱ्यावाचून शिकताच येत नाही, कारण तोल कसा जातो हे समजण्यासाठी रोज कोणीतरी स्वखुशीने आपला तोल आपल्याला देऊ करावा लागतो.

आपापल्या कलेत हे कितपत दिसते, याविषयी जाणकारांनी लिहावे.

लालमाती

धागा आवडला. मी कोल्हापूरच्या तालमीत वाढलेला माणूस आहे, म्हणून मातीतल्या कुस्तीच्या बाजूने लिहितो.

तालमीतला विचार ज्युदोसारखा कोणी सूत्रात बांधलेला नाही, पण तो आहे. पहाटे उठून हौद, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, उकरायचा, मारुतीला नमस्कार करून मेहनतीला लागायचे, जोर-बैठका झाल्यावर हौदात उतरताना माती कपाळाला लावायची. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेले असते आणि तिची देखभाल स्वतः पैलवान करतात. मोठ्या पैलवानाने लहान पोराला हौदात घेऊन खेळवायचे, त्याला अंग द्यायचे, त्याचा डाव बसू द्यायचा, ही रीत मी प्रत्यक्ष अनुभवली आहे. त्यामुळे जोडीदाराचे शरीर ही जबाबदारी असते, हे तुमचे म्हणणे मला परके वाटत नाही.

तरीही दोन ठिकाणी माझे मत वेगळे आहे. पहिले असे की आमच्याकडे मन घडवण्याचा भार जोडीदारापेक्षा दिनचर्येवर अधिक आहे. झोप, खुराक, ब्रह्मचर्य, व्यसनापासून दूर राहणे आणि वस्तादांचा शब्द न मोडणे हे सगळे पाळणारा तो लंगोटाचा पक्का. पैलवान चोवीस तास पैलवान असतो, केवळ हौदात असताना नव्हे. आठवड्यातून तीन संध्याकाळी वर्गाला जाऊन ही वृत्ती येईल, असे मला वाटत नाही.

दुसरे म्हणजे, राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान बांधले ते हजारो लोकांसमोर कुस्ती निकाली व्हावी म्हणून. मैदानात शड्डू ठोकल्यावर समोरचा जोडीदार राहत नाही. त्याला चितपट करणे हेच तिथे एकमेव कर्तव्य असते. परस्पर-कल्याणाचा विचार तिथे कसा बसवायचा?

शिवाय वस्ताद एक डाव राखून ठेवतो, असे आपल्याकडे म्हणतात, आणि ते निव्वळ म्हणण्यापुरते नाही. शिष्य उद्या आपल्यावरच उलटला तर काय, ही शंका त्यामागे असते. विद्या सर्वांना सारखी वाटून टाकणे आमच्या परंपरेत सर्वमान्य नव्हते आणि त्यामागे काही विचार होता, हे नोंदवून ठेवतो.

चौकस

मूळ लेख उत्तम आहे, परंतु त्यात ज्युदोची एक बाजू अगदीच वगळली गेली आहे आणि ती मांडल्यावाचून ही चर्चा प्रामाणिक होणार नाही.

जपानमध्ये १९८३ ते २०११ या काळात माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांतील ज्युदोच्या सरावात शंभराहून अधिक विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. त्यांत डोक्याच्या दुखापतींचे प्रमाण मोठे होते आणि नीट पडायला न शिकलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना धोका सर्वाधिक होता. म्हणजे ज्या देशात ही सूत्रे जन्मली, तिथेच पडणे शिकवण्याआधी मुलांना गादीवर आपटले जात होते. २०१२ साली जपानी माध्यमिक शाळांत पारंपरिक युद्धकला सक्तीची झाली तेव्हा पालकांनी या मृत्यूंबद्दलच प्रश्न विचारले. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथल्या पंधरा अव्वल महिला ज्युदोपटूंनी राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षणातील मारहाण व अपमानाविरुद्ध ऑलिम्पिक समितीकडे तक्रार केली आणि २०१३ च्या प्रारंभी मुख्य प्रशिक्षकांना पद सोडावे लागले.

इतिहासात आणखी मागे गेलो तर दुसऱ्या महायुद्धापर्यंत हेच ‘मन घडवण्याचे’ शिक्षण सैनिकी राष्ट्रवादाच्या कामी जुंपले गेले होते, म्हणूनच १९४५ नंतर दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने शाळांतून त्यावर बंदी घातली. ज्युदोला शाळेत परत येण्यास १९५० साल उजाडले.

शिस्त, आज्ञापालन, दुःख सोसणे हे गुण कोणाच्या हाती पडतात यावर सर्व काही अवलंबून असते. गुरूचा शब्द न मोडणे ही लालमाती यांनी अभिमानाने सांगितलेली गोष्ट मला या संदर्भात चिंताजनक वाटते. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनच हे लिहितो आहे.

नदीकाठ

चौकस, आपण दिलेली माहिती वेदनादायक आहे आणि ती इथे असायलाच हवी. माझ्या प्रतिपादनाला ती बाध आणते असे मात्र मला वाटत नाही. ज्या वर्गात नवख्या मुलाला पडायला शिकवण्यापूर्वी टाकले जाते, तिथे भिंतीवर कानोंचे छायाचित्र लावलेले असले तरी त्यांची पद्धत नसते. तत्त्वज्ञानाला सरावाच्या कृतीत शोधण्याचा माझा आग्रह याच कारणासाठी आहे. सुवचने कोणीही टांगू शकतो. बाही धरून ठेवली होती की सोडली, हे मात्र तिथल्या तिथे दिसते. फ्रान्समध्ये ज्युदो शिकवण्यासाठी सरकारमान्य पदविका लागते. मला ही तरतूद कोणत्याही व्याख्यानापेक्षा ‘जिता क्योएइ’च्या अधिक जवळची वाटते.

राखून ठेवलेल्या डावाविषयी एक प्रसंग सांगतो. कितो घराण्याचे त्सुनेतोशी इइकुबो हे कानोंचे गुरू होते. त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे गेले होते, तरी टाकण्याच्या डावांत कानो त्यांच्यापुढे टिकत नसत. एके दिवशी सरावात कानोंनी त्यांना एकामागून एक अनेक वेळा पाडले. टाकण्याआधी समोरच्याची ठेवण कशी मोडायची, याचा कानो त्या काळात बारकाईने अभ्यास करत होते. गुरूंनी कारण विचारले, शिष्याने ते समजावून सांगितले, आणि इइकुबोंनी आता तुला शिकवण्यासारखे माझ्याकडे काही उरले नाही, असे म्हणून पुढे त्याला आपल्या घराण्याचे अधिकारपत्र दिले. शिष्य आपल्यावर भारी पडला याचे त्या वृद्ध गुरूला वैषम्य वाटले असेल की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण त्याने प्रश्न विचारला आणि शिष्याचे उत्तर ऐकून घेतले. मला या प्रसंगात सारा ज्युदो दिसतो.

मैदानाचा प्रश्न अवघड आहे आणि त्याचे सोपे उत्तर माझ्याकडे नाही. उदाहरण देतो. १९६४ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये ज्युदोचा पहिल्यांदा समावेश झाला आणि खुल्या गटाच्या अंतिम लढतीत नेदरलँड्सच्या अँटोन हेसिंक यांनी जपानच्या अकिओ कामिनागांना जपानी प्रेक्षकांसमोर हरवले. सभागृह सुन्न झाले होते. हेसिंक यांचे समर्थक आनंदाने मॅटवर धावत येऊ लागले तेव्हा, अजून जमिनीवर असतानाच, त्यांनी हात उंचावून त्यांना अडवले. नंतर दोघांनी पोशाख नीट केले, रीतसर नमस्कार केला आणि मगच लढत संपली. हेसिंक यांनी जिंकताना कसलीही कसर ठेवली नव्हती. जिंकल्यानंतरच्या त्या काही सेकंदांत समोरचा माणूस पुन्हा त्यांचा जोडीदार झाला, एवढेच मी म्हणेन.

सांजवेळ

मी लहान मुलामुलींना ज्युदो शिकवते. वरच्या चर्चेत भीतीचा विषय आला नाही, म्हणून लिहिते.

मुले सर्वांत जास्त घाबरतात ती मागे पडायला, कारण मागची जमीन दिसत नाही. त्यांना ‘घाबरू नका’ असे सांगण्याचा काही उपयोग होत नाही. आम्ही प्रथम आडवे झोपवून थाप शिकवतो, मग बसून, मग उकिडवे, मग उभे राहून. अशा पायऱ्यांनी गेलेल्या मुलाची भीती कमी होते, कारण तिच्या जागी एक जमणारी कृती आलेली असते. मोठ्या माणसांना हेच जास्त जड जाते. तोल जातो आहे असे जाणवताच ती सगळे अंग ताठ करतात आणि हात मागे टेकवतात. मनगट मोडते ते तिथे.

पूर्वी जपानमध्ये ताकुआन नावाच्या झेन भिक्षूने तलवारबाजीचे आचार्य याग्यू मुनेनोरी यांना उपदेश केला होता, त्याचा आशय असा की मन कुठेही थांबू देऊ नये : शत्रूच्या तलवारीवर थांबले तर तिथे अडकते, स्वतःच्या तलवारीवर थांबले तर तिथे अडकते. मला हा उपदेश रान्दोरीत पटला. पाडायचेच, असे ठरवून गादीवर आलेल्या मुलीचे लक्ष एका डावावर खिळते आणि दुसरीने दिलेली संधी तिला दिसतच नाही. पडण्याची भीती असलेल्या मुलीचे तसेच होते. भीती आणि हाव या दोन्ही गोष्टी मनाला एकाच जागी बांधतात.

जोडीदारी शिकवण्यासाठी आम्ही वजनाच्या जोड्या मुद्दाम बदलतो. जड मुलीला हलक्या मुलीबरोबर सराव करताना आपले बळ मोजून वापरावे लागते, आणि आपल्या बळाचा नेमका अंदाज मला वाटते तेव्हाच तिला प्रथम येतो.

पहाटवारा

मी कराटेचा अभ्यासक आहे. नदीकाठ यांच्या प्रतिपादनाला माझी शंका अशी की आमच्या सरावाचा मोठा भाग म्हणजे काता, आणि ती एकट्यानेच करायची असते. मग समोर जोडीदार नसताना तो विचार कुठून यावा? गिचिन फुनाकोशी यांचे सूत्र प्रसिद्ध आहे की कराटेत पहिला हल्ला नसतो. हे बंधन माणसाने एकट्यानेच, स्वतःशी पाळायचे असते. ओकिनावाहून १९२२ साली टोकियोत आलेल्या फुनाकोशींना कानोंनीच कोदोकानमध्ये प्रात्यक्षिकासाठी बोलावले होते, आणि कराटेचा पांढरा पोशाख व काळ्या पट्ट्याच्या श्रेणी या ज्युदोवरूनच घेतल्या गेल्या. तेव्हा दोन्ही कला एकमेकींना परक्या नाहीत, तरी मन घडण्याचा मार्ग एकच आहे, हे मला मान्य होत नाही. रोज तीच काता करताना माणसाला स्वतःचा आळस, घाई आणि दिखाऊपणा जितका स्पष्ट दिसतो, तितका दुसऱ्याशी झुंजताना दिसत नाही.

नदीकाठ

पहाटवारा, आपला मुद्दा मान्य. माझे प्रतिपादन ज्युदोपुरते आहे आणि एकट्याने करायच्या अभ्यासाची किंमत मी कमी लेखत नाही. मात्र काता एकट्याने करणाऱ्याला आपल्या कौशल्याविषयी भ्रम होण्याचा धोका असतो आणि तो भ्रम प्रतिकार करणारा जोडीदार क्षणात दूर करतो, एवढी पुस्ती जोडतो. फुनाकोशींचे सूत्र पाळायलाही, आपण किती इजा करू शकतो हे ठाऊक असावे लागते.

लालमाती, तुम्हाला एक प्रश्न आहे. कुस्तीत बाही नसते, उघड्या अंगावर पकड असते आणि पैलवान वजनदार असतात. मग पडणाऱ्याला सावरण्याची काही रीत तालमीत आहे का?

लालमाती

आहे, पण ती हाताने धरून ठेवण्याची नाही. पहिली गोष्ट म्हणजे हौद. रोज फावड्याने खोलवर उकरून माती भुसभुशीत केल्याशिवाय आणि खडा-काटा वेचल्याशिवाय कोणी कोणाला उचलत नाही. नवीन पोराला महिनोन्महिने हे काम दिले जाते आणि बाहेरच्यांना ती शिक्षा वाटते. प्रत्यक्षात उद्या आपण आणि आपला जोड ज्या मातीवर पडणार, ती तो तयार करत असतो. दुसरे, ढाक किंवा कलाजंगसारखे उचलून फेकायचे डाव कच्च्या मानेच्या पोरावर मारत नाहीत. आधी त्याच्याकडून मान भक्कम करून घेतात आणि तोपर्यंत मोठा पैलवान त्याला खालच्या डावांवरच खेळवतो. तिसरे, वस्ताद काठावर उभे असतात आणि हात-पाय वेडावाकडा अडकलेला दिसला की ‘सोड’ म्हणतात. तो शब्द कानावर पडताच पकड सुटली पाहिजे. वस्तादांचा शब्द मोडायचा नाही, असे मी वर लिहिले त्यात हाही शब्द होता. चौकस यांनी व्यक्त केलेली चिंता मात्र मी बाजूला सारत नाही. ज्या तालमीत वस्ताद काठावर नसतात आणि पोरे आपापसांत ईर्ष्येने झुंजतात, तिथे माना आणि गुडघे कायमचे गेलेले मी पाहिले आहेत.

मॅटवर हे सगळे नव्याने बसवावे लागते आहे. मातीचा पैलवान मॅटवर गेला की पडण्याचा वेग वाढतो आणि पायही वेगळा पडतो. खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा त्यांना मॅटची सवय नव्हती, तरी सहावे आले. पुढच्या चार वर्षांत त्यांनी स्वतःला बदलले आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. आमच्या तालमीत आता हौदाशेजारी मॅट आहे. मॅट उकरता येत नाही, म्हणून पोरांना पडायला वेगळे शिकवावे लागणार, असे मी वस्तादांना सुचवले आहे. सांजवेळ ताईंनी सांगितलेला झोपून, बसून, उकिडवे असा क्रम येत्या सोमवारपासून लहान गटाला सुरू करतो आहोत. ताई, थाप मारताना हात अंगापासून किती अंतरावर पडायला हवा, तेवढे कृपया सविस्तर लिहा.